राहिलेली सांगता

आमच्या घरात एखादी गोष्ट 'संपली' असे म्हणण्याची पद्धत नाही. बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणायचे, दिवा विझवायचा नाही, मालवायचा, आणि तांदूळ अगदी तळाला गेले तरी सासूबाई एवढेच म्हणणार, "डबा भरायला झालाय." लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्यापाशी संस्कृतची एम.ए.ची पदवी होती. तरीही असे एखादे वाक्य आपल्या तोंडून चुकीचे जाईल, ही भीती इतकी असे की मी बोलणेच टाळत असे. माझ्या अबोलपणाला घरातील वडीलधाऱ्यांनी 'सोज्ज्वळ' हे विशेषण दिले. मी ते खोडून काढले नाही, कारण खोडण्यासाठीही बोलावे लागले असते.

पुढे कोलकात्यात आलो, तिथे स्वतःचे घर घेतले आणि खालच्या मजल्यावरच्या दीदी तांदूळ उसने मागायला वर आल्या. 'चाल बाडन्त,' असे त्या म्हणाल्या. शब्दशः पाहिले तर घरातले तांदूळ वाढत आहेत, असा त्याचा अर्थ. मला त्यांचे म्हणणे क्षणात समजले आणि मी न विचारता वाटी भरून दिली. या शहरात मला पहिल्यांदा घरी आल्यासारखे वाटले, ते त्या वाटीच्या निमित्ताने. संपण्याला संपणे न म्हणणारी माणसे इथेही होती.

मात्र मला आज सांगायचे आहे ते 'सांगता' या शब्दाविषयी, आणि माझ्याकडून एकोणतीस वर्षे राहून गेलेल्या एका सांगतेविषयी.

तो नेम मी घेतला तेव्हा आम्ही नागपुरात होतो. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला विचारले की चातुर्मासात मी काय सोडणार. त्या स्वतः दरवर्षी काही ना काही सोडत. त्या वर्षी त्यांनी दही सोडले होते. मी म्हणाले, मुक्याने जेवीन. त्यांनी हातातली वात अर्धवट ठेवून माझ्याकडे पाहिले.

"मुक्याने? तुला त्यात सोडण्यासारखं काय आहे?"

टोमणा नेमका होता आणि मला लागलाही. पण तोंडातून निघून गेले होते. त्यांनीच मग मला या नेमाची रीत सांगितली. चार महिने पानावर बसल्यापासून उठेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. कार्तिकी द्वादशीला सांगता करायची. सांगतेला जे सोडले असेल ते आधी दुसऱ्याला द्यायचे आणि मगच आपण घ्यायचे. दूध सोडणाऱ्याने कुणाला तरी दूध द्यावे, गूळ सोडणाऱ्याने गूळ. मुक्याने जेवणाऱ्याने घंटा द्यावी, आणि त्या दिवशी पानावर बसून सर्वांच्या देखत पहिला शब्द आपण बोलावा. तोपर्यंत नेम घेतलेला असतो. पुरा झालेला नसतो.

त्या वर्षी आश्विनात यांची बदली कोलकात्याला झाली. हे एका सरकारी कंपनीत अधिकारी होते आणि हुकूम आला की आठ दिवसांत निघावे लागे. द्वादशीला आम्ही सॉल्ट लेकमधल्या रिकाम्या सरकारी निवासात खोक्यांवर बसून खिचडी खाल्ली. घंटा कुठून आणणार आणि कुणाला देणार? सासूबाई म्हणाल्या, राहिली. पुढच्या वर्षी नेम पुन्हा घे, दोन्हींची मिळून करू.

पुढच्या वर्षी मी नेम घेतला. सांगतेच्या वेळी मी काहीतरी सबब काढली. त्याच्या पुढच्या वर्षीही काढली. पहिली सबब बहुधा मुलीच्या तापाची होती. नंतरच्या मला आठवत नाहीत आणि सासूबाईंना सगळ्या आठवतात. खरे कारण मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केले नव्हते. चातुर्मासाचे चार महिने मला फार सुखाचे जात. जेवताना माझ्याकडून कुणाला काही अपेक्षित नसे. सांगता केली असती तर लोक बोलवावे लागले असते आणि त्यांच्यासमोर पहिला शब्द बोलावा लागला असता. नेम मोडण्याचे पाप मला नको होते आणि तो पुरा करण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते. म्हणून मी तो दर आषाढात नव्याने घेत राहिले.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. आमच्या घरातले सर्व निर्णय रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर होतात. यांना दिवसभर वेळ नसे, आणि भाताबरोबर यांची वाणी मोकळी होई. मुलीला कोणत्या शाळेत घालायचे, सरकारी निवास सोडून हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा की नाही, हे सारे तिथेच ठरले. हावड्याच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवण्याची जागा निघाली होती आणि दीदींच्या ओळखीने माझे नाव पुढे गेले होते; तो प्रश्नही तिथेच निघाला. भाद्रपद होता. हे म्हणाले की रोज दोन बसने पुलापलीकडे जाणे-येणे मला झेपणार नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, बरोबर ना? मी पाण्याचा पेला उचलला. हे पुढे वांग्याच्या भावाकडे वळले आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

यांना मी दोष देत नाही. विचारले तर त्यांनी होतेच. पुढे उरलेल्या आठ महिन्यांतही जेवताना गप्प राहायची मला सवय होऊन गेली, आणि माझे मत घेतले जात आहे अशी यांची प्रामाणिक समजूत कायम राहिली.

मी लिहायला लागले ती साठीच्या उंबरठ्यावर. इथल्या मराठी मंडळींचा एक छोटासा वार्षिक अंक निघतो. गेल्या वर्षी संपादकांनी मला आग्रह केला की एखाद्या शब्दावर दोन पाने द्या, तुमचे संस्कृत आहे. शब्द कोणता घ्यावा याचा मला विचार करावा लागला नाही.

'सांगता' या शब्दाचा आपल्या 'सांगणे'शी संबंध नाही. कानाला तो वाटतो, पण ते सोडून द्यायला हवे. मूळ शब्द 'सांग': स आणि अंग, म्हणजे अंगांसहित. 'सांगोपांग' म्हणतो त्यातला पहिला तुकडा तोच. त्याला भाववाचक प्रत्यय लागून 'सांगता' झाला. अर्थ असा की विधीची सर्व अंगे जागच्या जागी असणे. मराठीने त्याला शेवटच्या दिवसाशी बांधले आणि आज आपण व्याख्यानमालेची सांगता झाली, शताब्दी वर्षाची सांगता झाली असे म्हणतो, तेव्हा आपल्या मनात समारोपाचे भाषण आणि चहा एवढेच असते. मूळ शब्दात मात्र शेवट हा विषयच नाही. अंगे पुरी भरली की कार्य आपोआप थांबते. एखादे अंग राहिले तर कार्य कितीही वर्षे थांबवा, ते चालूच असते. व्रताला उद्यापन असते, पारायणाला समाप्ती असते, देवाचे विसर्जन होते. पण काय राहिले आहे हा प्रश्न यांपैकी 'सांगता' हा एकच शब्द विचारतो, असे मी त्या लेखात ठामपणे लिहिले. असे ठाम वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत होते, आणि मला ते लिहिताना मुळीच संकोच वाटला नाही.

लेख छापून आल्यावर मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्या आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. दिसते कमी, ऐकू सगळे येते. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"शब्दाचं झालं," त्या म्हणाल्या. "तुझं कधी?"

या वर्षीच्या आषाढात मी नेम घेतला तो त्यांना शब्द देऊन की या खेपेला सांगता करीन. आणि नेमक्या याच चातुर्मासात, श्रावणातल्या एका रात्री, यांनी टेबलावर जाहीर केले की आता पुण्याला जायचे. निवृत्तीला दोन वर्षे झाली होती. यांचे धाकटे भाऊ तिथे आहेत. डिसेंबरपर्यंत इथले गुंडाळायचे, असे हे म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली.

'गुंडाळणे' हा शब्द मी त्या रात्री पुष्कळ वेळ मनात धरून बसले. सतरंजी गुंडाळतात, पसारा गुंडाळतात, वक्त्याला वेळ कमी पडला की भाषण गुंडाळतात. ज्यात काय काय आहे ते पाहायचे नसते ते गुंडाळतात. या घरात माझी मुलगी वाढली, जिचे मराठी ऐकून पुण्याच्या जाऊबाई हसतात. इथल्या खिडकीपाशी मी लिहायला लागले. रविवारी चार मराठी मुले माझ्याकडे वाचायला येतात. इथल्या रस्त्यांवर मी कुणाची सून म्हणून ओळखली जात नाही. हे सर्व मी यांना दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगू शकले असते. चहाला कुठलाही नेम नव्हता. मी सांगितले नाही. आश्विनात एक गृहस्थ येऊन फ्लॅट पाहून गेले, त्यांना तो आवडला, आणि द्वादशीनंतरच्या मंगळवारी ते बोलणी पक्की करायला येणार असे ठरले. हेही टेबलावरच ठरले.

घंटा आणायला मी एकटी गेले. सॉल्ट लेकहून आता मेट्रो नदीच्या खालून हावड्याला जाते. जी वाट मला झेपणार नव्हती, ती मी पुस्तकाची पाने उलटत बसल्या बसल्या पार केली. हावडा मैदान स्टेशनापासून थोडे आत पितळेची कामे करणाऱ्यांच्या गल्लीत मी तीन दुकाने पाहिली. पहिल्या दुकानात मला घंटा वाजवून बघायचा संकोच वाटला आणि मी तशीच बाहेर आले. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी अडचण ओळखली असावी. ते बंगालीत म्हणाले की न वाजवता घंटा घेणे म्हणजे न चाखता मिठाई घेणे. मग मी एकेक करून सात घंटा वाजवल्या. शेवटच्या दोहोंमध्ये निवड होईना म्हणून दोन्ही पुन्हा वाजवल्या. गल्लीतले लोक वळून पाहत होते. मला वाटले होते तितके ते अवघड गेले नाही.

घंटा कुणाला द्यायची हे सासूबाईंनीच ठरवले. रिवाजाने ती भटजींना जाते, पण त्यांचे म्हणणे पडले की भटजींकडे घंटा पुष्कळ असतात; जिच्या घरी रोज वाजेल तिला दे. खालच्या दीदींची घंटा गेल्या पावसाळ्यात चिरली होती आणि संध्याकाळी तिचा आवाज फुटक्या भांड्यासारखा येई. यापेक्षा योग्य जागा कोलकात्यात नव्हती.

द्वादशीला दुपारी आम्ही पाच जण होतो: सासूबाई, हे, मी, दीदी, आणि न्यू टाउनहून रजा टाकून आलेली आमची मुलगी. सकाळपासून पुरण शिजत होते. यांना सांगतेचे एवढेच अंग ठाऊक होते आणि ते खुशीत होते. मी दीदींच्या हाती घंटा दिली, वाकून नमस्कार केला. त्यांना हा सगळा प्रकार मुलीने बंगालीत समजावून सांगितला होता. त्यांनी घंटा कपाळाला लावली, एकदा वाजवली आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

"एतो बोछोर चुप छिले?" त्यांनी विचारले. इतकी वर्षे तू गप्प होतीस? त्या बहुतेक वेळा जेवणाच्या सुमारास वर येत, आणि मला बंगाली येत नाही म्हणून मी बोलत नाही अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे माझ्याशी त्या नेहमी एकेक शब्द सुटा करून बोलत. मुलगी हसून हसून ताटावर वाकली.

पाने वाढली गेली. यांनी पोळीवर तूप घेतले आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की मंगळवारी ते गृहस्थ अकराला येतील, तर मागच्या खोलीतले कपाट तेवढे...

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आज पहिला शब्द तिचा आहे."

हे थांबले. मी आदल्या दिवशी एक वाक्य तयार करून ठेवले होते, सर्वांनी सावकाश जेवावे अशा अर्थाचे, रीतीला धरून. ते मला आठवत होते. मी ते बोलले नाही.

"मंगळवारी कुणी यायचं नाही," मी म्हणाले. "मला हे घर सोडायचं नाहीये."

यांचा घास हातातच राहिला. रागावले नव्हते, खरोखर गोंधळले होते.

"अगं, पण ठरलं होतं ना आपलं? श्रावणात, इथंच बसून."

"श्रावणात मी मुक्याने जेवत होते."

"मान हलवलीस की तू."

"आमटी हवी होती म्हणून हलवली."

सासूबाईंच्या घशातून बारीक आवाज आला. मुलीने दीदींच्या कानाशी लागून भाषांतर सुरू केले होते, तिला मी डोळ्यांनी दटावले. हे म्हणाले की मग नंतर कधीही सांगता आले असते, चार महिने चोवीस तास काही मी जेवत नव्हते. हे अगदी खरे होते आणि मी ते मान्य केले. मी म्हणाले की चूक माझी आहे, एका श्रावणाची नव्हे, फार वर्षांची आहे, आणि ती मी आज इथे सुधारते आहे. मग मी माझी कारणे एकामागून एक सांगितली. आवाज कापत नव्हता याचे मला नंतर आश्चर्य वाटले. हावड्याच्या कॉलेजाचीही गोष्ट काढली. यांना ती आठवत नव्हती. मग आठवली तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला.

मग त्यांचीही बाजू निघाली, आणि ती मला माहीत नव्हती. रस्त्यावर चालताना कानावर मराठी पडावे, भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करावी, एवढेच त्यांना हवे होते. ऑफिस होते तोवर चालून गेले. आता दिवसभर या शहरात आपण पाहुणे आहोत असे त्यांना वाटते. एकोणतीस वर्षे माझ्याशेजारी बसून जेवणारा हा माणूसही एक गोष्ट बोलला नव्हता, आणि त्याला तर कुठला नेम नव्हता.

मी म्हणाले की दर पौषात पुण्याला जाऊ, दोन महिने राहू, पोटभर घासाघीस करा. घर मात्र इथे. यांनी आईकडे पाहिले.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला विचारतोयस होय?" सासूबाई म्हणाल्या. "चार महिन्यांत आज पहिल्यांदा. मी इथं बरी आहे. दीदी आहेत, घंटा आहे. तिकडे जाऊन नवीन भिंती कुठं चाचपत बसू?"

यांनी पान थोडे पुढे सरकवले. मग उठून, हात धुऊन, फोन घेऊन आले. त्या गृहस्थांना आत्ताच कळवलेले बरे, म्हणाले, लोकांना ताटकळत ठेवू नये. फोन लागला. यांचे बंगाली कार्यालयीन आहे. नकार देण्याइतके ते कधी लवचिक झाले नाही. दोन वाक्यांनंतर ते अडले, आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"तूच सांग."

मला फोनवर बोलायला आवडत नाही. अनोळखी माणसाशी तर मुळीच नाही. मी पदराला हात पुसला, फोन घेतला आणि बंगालीत सांगितले की आम्ही घर विकत नाही, तुम्हाला तसदी झाली त्याबद्दल क्षमा असावी. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारले, पुढच्या वर्षी काही विचार आहे का? 'पाहू' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो मी आयुष्यभर वापरला आहे. मी म्हणाले, नाही, पुढच्या वर्षीही नाही. दीदींनी माझ्या उच्चाराला मान डोलावली.

परत पानावर बसले तेव्हा माझी पोळी गार झाली होती. सासूबाईंनी चाचपत तुपाची वाटी ओढली, माझ्या पानात अंदाजाने धार धरली, आणि ती थोडी भातावरही गेली.

"जेव आता," त्या म्हणाल्या. "आणि मध्येच काही सुचलं तर बोल. चालेल."